फ्रँचायझी धंद्यातलं कर्ज आणि त्यातून सुटायचे मार्ग

ब्रँडची फ्रँचायझी घेतली, दुकान चाललं नाही अन् हप्ते थकले, तर दुकानदाराच्या हातात काय उरतं त्याची ही नोंद. मराठवाड्यात चहा, आइस्क्रीम, पिझ्झा, प्रीस्कूलच्या फ्रँचायझी संभाजीनगर, लातूर, नांदेडवरून तालुक्याच्या गावापर्यंत पोचल्यात. पण इथला गल्ला सोयाबीन-कापसाच्या पैशावर हलतो, लातूरला तर नीटची परीक्षा झाली की क्लासची पोरं गावाकडं जातात, आणि कंपनीनं दाखवलेला कमाईचा कागद बहुतेकदा मोठ्या शहराच्या हिशोबानं केलेला असतो.

यात भानगडी दोन असतात, बँकेचं कर्ज वेगळं आणि कंपनीशी केलेलं अ‍ॅग्रीमेंट वेगळं. शटर खाली ओढल्यानं कर्ज संपत नाही, अन् कर्ज फिटलं म्हणून लॉक-इन (ठरलेल्या मुदतीआधी करार न सोडण्याची अट) किंवा ब्रँड वापरल्याबद्दल कंपनीला द्यायची राहिलेली रॉयल्टी (वर १८ टक्के जीएसटी) माफ होत नाही. भारतात फ्रँचायझीसाठी वेगळा कायदाच नाही, मुळात १८७२ चा करार कायदा लागतो, त्यामुळे कागदात काय लिहिलंय तेच खरं.

हप्ता ९० दिवसांवर थकला की खातं एनपीए, म्हणजे थकीत-बुडीत, होतं, म्हणून बोलायचं ते त्याच्या आत, आणि नेमकं तेव्हाच लोक मॅनेजरचा फोन उचलत नाहीत! उद्यम नोंदणी असलेल्या सेवा धंद्यांना (हॉटेल लाइन यात येते) २०१५ च्या पुनर्वसन योजनेत २५ कोटींपर्यंतच्या कर्जाचे हप्ते नव्याने बांधून मागता येतात. एनपीए झाल्यावर वन टाइम सेटलमेंट (एकरकमी तडजोड) किंवा लोकअदालत, रक्कम कमी होते पण सिबिलवर, म्हणजे कर्जफेडीच्या नोंदीवर, 'सेटल्ड' लागतं आणि पुढची काही वर्षं कोणी दारात उभं करत नाही. मुद्रा कर्जाला सरकारची हमी आहे, बुडालं तरी चालतंय, असं गावोगाव ऐकायला मिळतं, ते साफ चूक. हमी बँकेसाठी असते, घेणाऱ्याचं देणं तसंच राहतं. अण्णासाहेब पाटील महामंडळाचा व्याज परतावासुद्धा हप्ता वेळेवर असेल तरच.

घर किंवा प्लॉट तारण असेल तर सरफेसी कायद्याची (तारण ताब्यात घेऊन विकायचा बँकेचा कायदा) ६० दिवसांची नोटीस येते. शेतजमीन त्या कायद्यातून वगळलेली आहे, पण म्हणून वडिलांचा सातबारा सुरक्षित असं समजू नये, कारण वडील जामीनदार असले आणि कर्ज पतसंस्थेचं असलं तर सहकार कायद्याच्या कलम १०१ ची वसुली त्यांच्यापर्यंत जाते. खाजगी सावकाराकडून घेऊन बँकेचा हप्ता भरणं हा सगळ्यात वाईट उपाय. तसं झालंच असेल आणि सावकार बिनपरवान्याचा असेल तर २०१४ च्या सावकारी कायद्याखाली जिल्हा उपनिबंधकाकडं तक्रार होते.

दुकान चालू असतानाच कंपनीची एनओसी घेऊन दुसऱ्याला विकणं हा बऱ्याचदा सगळ्यात बरा मार्ग, ट्रान्सफर फी गेली तरी चालेल, बंद दुकानाच्या फर्निचरला भंगाराचा भाव येतो. बोर्ड उतरवून स्वतःच्या नावानं चालवायचं असेल तर करार रीतसर संपवूनच. करार चालू असेपर्यंत दुसरा तसलाच धंदा न करण्याची अट टिकते, हे सुप्रीम कोर्टानं १९९५ ला गुजरात बॉटलिंग प्रकरणात मान्य केलंय. करार संपल्यावर मात्र अशी बंदी करार कायद्याच्या कलम २७ पुढं सहसा टिकत नाही, फक्त ब्रँडचं नाव-लोगो वापरायचा नाही.

दिवाळखोरीचा रस्ता प्रोप्रायटरसाठी (एकट्याच्या नावावर धंदा असणाऱ्यासाठी) अजून १९२० च्या जुन्या कायद्यातूनच जातो, २०१६ च्या कायद्यातला तो भाग साध्या दुकानदारांना लागू केलेला नाही.