स्पर्धा तारक की मारक? या प्रश्नामागचे प्रयोग

स्पर्धेने माणूस पेटून उठतो की खचतो, हे मोजून पाहण्याचा पहिला गाजलेला प्रयत्न १८९८चा. अमेरिकेतल्या इंडियाना विद्यापीठात नॉर्मन ट्रिप्लेट यांनी सायकल शर्यतींच्या नोंदी तपासल्या. घड्याळाशी एकट्याने झुंजणाऱ्यापेक्षा सोबत कुणी असलेला सायकलस्वार वेगवान ठरत होता. पण पुढच्याच्या आडोशाने वाऱ्याचा विरोधही कमी होतो. मग श्रेय चुरशीचे की वाऱ्याचे? हा गुंता टाळायला त्यांनी मासेमारीच्या गळाची रिळे घेतली आणि ४० मुलांना ती कधी एकट्याने, कधी जोडीने फिरवायला लावली. रीळ फिरवली की सरकणाऱ्या दोरीला शिवलेल्या निशाणाने चार मीटरच्या मार्गाचे चार फेरे पूर्ण केले, की वेळ नोंदायची.

वीस मुले जोडीने वेगवान झाली. दहांना फारसा फरक पडला नाही. उरलेली दहा मात्र मंदावली: धाप लागली, चेहरे लाल झाले, हाताचे स्नायू ताठरले. पुढे बहुतेक ठिकाणी सांगितली गेली ती पहिल्या वीस जणांचीच गोष्ट. ही मोठी चूक होती, कारण खरा प्रश्न त्या मंदावलेल्या दहांमध्ये होता.

त्याचा बराचसा उलगडा १९६५ साली मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट झायन्स यांनी केला. आजूबाजूला इतर असले की शरीराची उत्तेजना वाढते, आणि अशा अवस्थेत अंगवळणी पडलेली कृतीच आधी बाहेर येते. काम सरावाचे असेल तर ती कृती बरोबर ठरते. काम नवे असेल तर बहुधा चुकते. १९६९मध्ये त्यांनी आणि सहकाऱ्यांनी हे झुरळांवर तपासले. सोबत दुसरे झुरळ असताना ती सरळ मार्गावरून लवकर पोहोचली, वळणाच्या मार्गावर रेंगाळली. इथे बक्षीस नाही, हरण्याची लाज नाही, तरी परिणाम दिसलाच.

बक्षिसाचा परिणाम वेगळा तपासावा लागला. टेरेसा अमाबिले यांनी १९८२मध्ये ७ ते ११ वर्षांच्या मुलींना कागदाचे तुकडे चिकटवून चित्रे करायला दिली. एका गटात बक्षिसे उत्तम चित्रांना, दुसऱ्यात चिठ्ठ्या टाकून. स्पर्धेतल्या मुलींची चित्रे परीक्षकांना कमी कल्पक वाटली. त्याच्या आदल्याच वर्षी एडवर्ड डेसी आणि सहकाऱ्यांना आढळले होते, की दुसऱ्याला हरवण्यासाठी कोडी सोडवणारे विद्यार्थी नंतर मोकळ्या वेळात त्या कोड्यांकडे कमी वळतात.

मग बेरीज काय? कोउ मुरायामा आणि अँड्र्यू एलियट यांनी २०१२मध्ये आधीचे असंख्य अभ्यास एकत्र पाहिले, तेव्हा स्पर्धेचा कामगिरीवरचा एकूण परिणाम जवळपास शून्य निघाला. पण त्या शून्याखाली दोन उलट प्रवाह होते. जिंकायचेच म्हणून उतरणाऱ्यांची कामगिरी सुधारत होती, हरू नये म्हणून उतरणाऱ्यांची बिघडत होती. शेवटचे क्रमांक जाहीर करणे किंवा कौशल्य हाती बसण्याआधीच शर्यत लावणे घातक वाटते ते यामुळे: पहिल्याने हरण्याची भीती वाढते, दुसऱ्याने चुकाच पक्क्या होतात.