उष्णता, दाब आणि बुरशीच्या बीजाणूंतील विकरे
करवीर, पन्हाळा, शिरोळ या भागांत ऊस तुटून गेल्यावर पाचट पेटवण्याची चाल अजून पुरती मोडलेली नाही, आणि आगीत रोगकिडीबरोबर बुरशीही जळून जाते असे अनेकांना वाटते. हे अर्धेच खरे आहे. जळालेल्या उसावर आणि चिपाडावर वाढणारी न्यूरोस्पोरा ही नारिंगी बुरशी आगीनंतरच फोफावते, कारण लैंगिक प्रजननातून होणारे तिचे जाड भिंतीचे बीजाणू चटका बसल्याखेरीज सहसा रुजत नाहीत.

शियर आणि डॉज यांनी 1927 मध्ये या बुरशीला आजचे नाव दिले. पुढे 1935 मध्ये गोडार्ड यांनी दाखवले की 50 ते 60 अंश सेल्सिअसच्या उष्णतेने बीजाणूंचे श्वसन झपाट्याने वाढते, मात्र त्यानंतर ऑक्सिजन मिळाला नाही तर ते पुन्हा सुप्तावस्थेत जातात. जागे होणारा बीजाणू आपली ट्रेहॅलोज ही साखर खर्चू लागतो. ती फोडणारे ट्रेहॅलेज हे विकर (एन्झाइम, म्हणजे रासायनिक क्रिया घडवणारे प्रथिन) सुप्त बीजाणूतही तयारच असते, पण साखरेपासून वेगळे राखलेले असते, हे सुसमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या कामातून पुढे आले. या साऱ्या इतिहासात मला हाच शोध सर्वांत मोलाचा वाटतो. विकर नुसते असणे आणि त्याने काम करणे यांत किती अंतर असते, ते येथे दिसते.

दाबाचा अभ्यास वेगळ्या वाटेने आला. हाइट यांनी 1899 मध्ये दाबाने दूध टिकवून पाहिले आणि ब्रिजमन यांनी 1914 मध्ये अंड्याचा पांढरा बलक न तापवता, केवळ दाबाने उकडल्यासारखा घट्ट केला. उष्णता प्रथिनाच्या रेणूला हलवून उलगडते, तर दाब त्याला कमी जागा व्यापणाऱ्या रचनेकडे ढकलतो. म्हणूनच काही विकरे माफक दाबाखाली उष्णता अधिक सोसतात. टॅलॅरोमायसिससारख्या बुरशीचे बीजाणू तर उच्च दाबाने मरण्याऐवजी जागे झाल्याचेही आढळले आहे.

गुऱ्हाळातल्या काहिलीत रस 115 अंशांच्या पुढे जातो, तेव्हा त्यातली विकरेही टिकत नाहीत. रस न उकळता टिकवायचा झाल्यास एकटा दाब बहुधा अपुरा पडतो, कारण रस काळा करणारे विकर दाबाला चिवट असते. त्यामुळे दाबाला सौम्य उष्णतेची जोड द्यावी लागते.