कुत्र्याची खाज: अन्नाची ॲलर्जी कोणती, वातावरणाची कोणती?

जून उजाडला, पाऊस लागला, की गोव्यातल्या कितीतरी घरांत कुत्रा रात्री उठून पंजे चाटत बसतो. फिकट रंगाचा असेल तर बोटांमधले केस हळूहळू तांबूस होतात. तो रंग रक्ताचा नसतो, लाळेचा असतो. मग घरात चर्चा सुरू होते. कोणी म्हणतं नुस्तं (मासे) उष्ण पडलं, कोणी म्हणतं चिकन बंद करा, कोणी खोबरेल तेल सुचवतं. औषधाच्या गोळ्या नकोत, आहारानेच बरं करू, असं ठरतं.

आहाराने बरं होतं का? अन्नाची ॲलर्जी असेल तर होतं, आणि तिथे आहाराशिवाय दुसरा खरा उपाय नाहीच. धुळीतले सूक्ष्म किडे, बुरशी, परागकण यांची म्हणजे वातावरणाची ॲलर्जी असेल, तर आहाराची थोडी मदत होते, पण तेवढ्याने भागत नाही. हे दोन आजार वरून इतके सारखे दिसतात की अनुभवी व्हेटलाही नुसतं बघून फरक सांगता येत नाही. दोन्हींत पंजे, कान, काखा, पोट खाजतं. दोन्हींत कान पुन्हा पुन्हा बिघडतात, कातडीवर जंतू आणि यीस्ट वाढून अंगाला कुबट वास येतो.

त्यात गोव्यात एक वेगळीच अडचण आहे. इथे हवा बदलते तेव्हाच ताटही बदलतं. १ जूनपासून ३१ जुलैपर्यंत यांत्रिक बोटींना मासेमारीची बंदी असते. ताजी मासळी कमी आणि महाग होते, सुके बांगडे आणि सुकी सुंगटं बाहेर निघतात. मागोमाग श्रावण येतो आणि अनेक घरं चतुर्थीपर्यंत शिवराक (शाकाहारी) होतात. घरच्या उरलेल्या शीत-हुमणावर (भात आणि माशाच्या आमटीवर) वाढणाऱ्या कुत्र्याचंही जेवण आपोआप बदलतं. त्याच महिन्यांत भिंतींना ओल चढते, गाद्या दमट होतात, कपाटातल्या चामड्यावर बुरा येतो, आणि पुढे पाऊस ओसरला की हे सगळं कमी होतं. चतुर्थी झाल्यावर कुत्र्याची खाज कमी झाली तर श्रेय कोणाला द्यायचं? शिवराक जेवणाला की सुकायला लागलेल्या घराला? मी असे अनेक मालक पाहिलेत जे शपथेवर सांगतात की मासे बंद केले आणि कुत्रा बरा झाला. त्यांचं निरीक्षण खोटं नसतं, पण त्यावरून कारण सिद्ध होत नाही.

पुस्तकात एक खूण हमखास दिलेली असते: ठरावीक ऋतूतच खाज येत असेल तर वातावरण, बारा महिने असेल तर अन्नाचा संशय घ्या. थंड, कोरड्या प्रदेशात ती चालते. आपल्याकडे ती अर्धवटच लागू पडते. घरातल्या धुळीतल्या किड्यांना दमट हवा लागते, आणि गोव्यात ती त्यांना वर्षभर मिळते. त्यामुळे इथल्या कुत्र्याला बारा महिने खाज असली तरी कारण गादीत, सोफ्यात असू शकतं.

तरी काही खुणा कामाच्या आहेत. वातावरणाची ॲलर्जी बहुधा सहा महिने ते तीन वर्षं या वयात सुरू होते. त्याआधीच खाज लागली, किंवा सात-आठ वर्षांच्या, कधीही न खाजवणाऱ्या कुत्र्याला अचानक लागली, तर अन्नाकडे आधी बघावं. खाजेबरोबर पोट बिघडत असेल, शी वरचेवर आणि सैल होत असेल, गॅस होत असेल, गुदद्वाराभोवती खाजत असेल, तरीही अन्नाचा संशय वाढतो. खाज मुख्यतः शेपटीच्या मुळाशी आणि मांड्यांच्या मागे असेल तर हे दोन्ही बाजूला ठेवून आधी पिसवा शोधा. पिसवेच्या लाळेची ॲलर्जी हा तिसराच प्रकार, आणि एखाददुसरी पिसू चावली तरी तेवढं पुरतं. खरूज, बुरशीचा चट्टा यांचीही तपासणी आधीच व्हायला हवी. हे न करता आहार बदलत बसणं म्हणजे फुकट गेलेले महिने.

अन्नाच्या ॲलर्जीबद्दल सगळ्यात मोठा गैरसमज असा की कुत्र्याने काल काहीतरी नवीन खाल्लं म्हणून आज खाज सुटली. बहुतेक वेळा उलटं असतं. शरीर बिथरतं ते एखाद्या प्रथिनावर, आणि ते प्रथिन कुत्रा कित्येक महिने, कधी वर्षानुवर्षं, सुखाने खात आलेला असतो. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या एका आढाव्यात अन्नाची ॲलर्जी असलेल्या कुत्र्यांमध्ये बीफ ३४ टक्के, दूध-दुभतं १७ टक्के, चिकन १५ टक्के आणि गहू १३ टक्के असा क्रम आढळला. मासे त्यात बरेच खाली होते. याचा अर्थ बीफ वाईट आणि मासे चांगले असा नाही. जिथले कुत्रे जे जास्त खातात त्याचीच ॲलर्जी तिथे जास्त दिसणार. पण आपण घरात सगळ्यात आधी नुस्त्यावर आळ घेतो आणि सकाळच्या दुधाकडे, पोदेराच्या (पाववाल्याच्या) पावाकडे बघतही नाही, ते बरोबर नाही.

मग ओळखायचं कसं? रक्त, लाळ किंवा केस पाठवून अन्नाची ॲलर्जी सांगणाऱ्या तपासण्या विकत मिळतात. त्यांवर भरवसा ठेवता येत नाही, ते पैसे वाचवा. खात्रीचा मार्ग एकच: कुत्र्याने आजवर कधी न खाल्लेलं एकच प्रथिन आणि एकच पिष्ट पदार्थ, निदान आठ आठवडे, त्याशिवाय काहीही नाही. पाच आठवड्यांत बऱ्याच कुत्र्यांना फरक पडतो, पण आठ आठवडे दिले तर अन्नाची ॲलर्जी असलेल्यांपैकी नव्वद टक्क्यांहून जास्त सुधारतात. पंधरा दिवसांत ‘काही फरक नाही’ म्हणून सोडून देणाऱ्यांना उत्तर कधीच मिळत नाही.

कधी न खाल्लेलं काय, हे घरागणिक वेगळं निघतं. शिवराक घरात दूध-भात, चपाती, दह्यावर वाढलेल्या कुत्र्याला चिकन हेच नवं प्रथिन असू शकतं. मासे, चिकन, बीफ, पोर्क सगळं चालणाऱ्या घरात मात्र डोकं खाजवायची वेळ येते. मग सशाचं मांस, किंवा प्रथिनांचे अगदी बारीक तुकडे करून बनवलेलं, व्हेटकडे मिळणारं खास हायड्रोलाइज्ड खाणं हे पर्याय उरतात. एक लक्षात ठेवा, बीफची ॲलर्जी असलेल्याला दूधही बाधू शकतं, आणि मटणही त्याच कुटुंबातलं. तेव्हा बीफ बंद करून मटण सुरू केलं म्हणजे प्रयोग झाला, असं नाही.

प्रयोग मोडतो तो मोठ्या चुकीने नाही, चिमूटभर खाण्याने. सकाळी पोदेराचा भोंपू वाजतो, कुत्रा फाटकाशी धावतो आणि उंड्याचा (गोल पावाचा) तुकडा त्याच्या तोंडात पडतो. रोजची सवय, कोणाच्या लक्षातही येत नाही. आजी प्रेमाने दुधाची साय चाटायला देते. किनाऱ्यावर फिरायला नेलं की जाळ्यातून टाकून दिलेली वाळकी तारली तो गिळतो. आणि जंत, गोचीड यांच्या चघळायच्या गोळ्यांना बहुधा मांसाची चव असते, त्यात प्रथिनही असू शकतं. त्या आठ आठवड्यांत मानेवर टाकायचं गोचिडीचं औषध वापरायचं की दुसरं काही, ते व्हेटला विचारून घ्या, पण पिसवा-गोचिडीचं औषध बंद करू नका.

आठ आठवड्यांनी खाज गेली, तरी काम अर्धंच झालं. आता जुनं खाणं मुद्दाम परत द्यायचं. बहुतेक लोक इथे थांबतात, आणि त्यांचं चुकतं असं मला ठामपणे वाटतं. खाज गेली ती आहाराने की ऑक्टोबरच्या उन्हाने, हे याच टप्प्यावर कळतं. अन्नाची ॲलर्जी असेल तर जुन्या खाण्यावर साधारण दोन आठवड्यांच्या आत खाज परत येते. मग एकेक पदार्थ वेगळा देऊन दोषी शोधायचा आणि तो जन्मभर टाळायचा. परत आली नाही, तर अन्न निर्दोष आणि तपास घरातल्या धुळीकडे वळवायचा.

वातावरणाच्या ॲलर्जीत आहाराचं काम वेगळं. इथे काही काढायचं नसतं, थोडं घालायचं असतं. माशाच्या तेलातली ईपीए आणि डीएचए ही ओमेगा-३ मेदाम्लं सूज थोडी कमी करतात आणि काही कुत्र्यांना औषध कमी पुरतं. फरक दिसायला आठ ते बारा आठवडे लागतात, आणि ऐन खाजेत नुसत्या तेलावर कुत्र्याला ठेवणं हा त्याच्यावर अन्याय आहे. बांगडा आणि तारली या बाबतीत आपल्या दारातली श्रीमंती. मीठ-मसाला न घालता उकडून, काटे काढून द्यावी. हुमणातली देऊ नये: कांदा-लसूण कुत्र्या-मांजरांच्या रक्तपेशी फोडतात. कॉड लिव्हर ऑइल वेगळं, त्यात अ आणि ड जीवनसत्त्व भरपूर असतं आणि जास्त झालं तर अपायच. खोबरेलात ईपीए-डीएचए नसतात, ते पाजून खाज जाण्याला भक्कम आधार नाही, आणि जास्त दिलं तर पोट मात्र सुटतं. हळदीचंही तसंच, तिच्यातलं करक्युमिन आतड्यातून फारसं शोषलंच जात नाही.

बांगड्याबद्दल आणखी एक. बर्फाशिवाय राहिलेल्या बांगड्या-तारलीत जंतूंमुळे हिस्टामिन तयार होतं आणि शिजवूनही ते जात नाही. तो मासा खाऊन तोंड सुजलं, अंग लाल झालं, उलटी झाली, तर ती ॲलर्जीसारखी दिसणारी विषबाधा असते. तेवढ्यावरून माशाला कायमचं हद्दपार करू नका, मासळी ताजी घ्या.

उलट बाजूनेही फसगत होते. कोरड्या खाण्याची मोठी पिशवी पावसात उघडी राहिली की तिच्यात साठवणीतले सूक्ष्म किडे वाढतात, आणि धुळीच्या किड्यांची ॲलर्जी असलेल्या कुत्र्याला ते बाधू शकतात. मालकाला वाटतं हा ब्रँड सोसत नाही. लहान पिशवी घ्या, घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा, महिन्याभरात संपवा.

दोन्ही ॲलर्जी एकाच कुत्र्यात असणंही काही दुर्मिळ नाही. त्या वेळी आहाराने निम्मी खाज जाते आणि निम्मी राहते. अशा वेळी आहाराचा प्रयोग फसला असं समजू नये. माशाचं तेल मात्र प्रयोगाच्या आठ आठवड्यांत सुरू करू नका, नाहीतर कशाने काय झालं ते पुन्हा कळणार नाही. पेज-मांसाचं घरगुती जेवण पूर्ण वाढलेल्या कुत्र्याला तेवढे आठवडे चालतं. त्यापुढे चालू ठेवायचं तर कॅल्शियम कमी पडतं, म्हणून आहार व्हेटकडून आखून घ्यावा. पिल्लांना आणि गाभण कुत्रीला तर आधीच.

मांजराचं गणित वेगळं आहे. त्याच आढाव्यात मांजरांमध्ये बीफच्या खालोखाल मासे होते, १७ टक्के. डोकं आणि मान खाजवून जखमा करणारं मांजर जन्मापासून नुस्त्यावर असेल तर तिथे माशावरचा संशय रास्त आहे. पण नवं खाणं चार-पाच दिवसांत हळूहळू मिसळून सुरू करा. कुत्र्यासारखं ‘भूक लागली की खाईल’ म्हणून मांजराला उपाशी ठेवू नका: दोन-तीन दिवस पोटात काही गेलं नाही तर यकृतात चरबी साठून जिवावर बेतू शकतं. एक दिवस ताटाला तोंड लावलं नाही तर जुनं खाणं परत द्या आणि व्हेटला फोन करा.