बाला देवी: व्यावसायिक कराराआधीची 15 वर्षे

जानेवारी 2020 च्या अखेरीस स्कॉटलंडमधल्या ग्लासगोच्या रेंजर्स क्लबने मणिपूरच्या नगांगोम बाला देवीला 18 महिन्यांसाठी करारबद्ध केलं आणि 10 नंबरची जर्सी दिली. परदेशी क्लबशी व्यावसायिक करार करणारी ती पहिली भारतीय महिला फुटबॉलपटू. त्याआधी गोलरक्षक अदिती चौहान 2015 मध्ये इंग्लंडच्या वेस्ट हॅमकडून खेळली होती, पण फुटबॉलवर पोट भरेल असा तो करार नव्हता. बालाचं वय तेव्हा तिशीला टेकलं होतं. स्ट्रायकरच्या कारकिर्दीतली सर्वांत वेगवान वर्षं तोवर मागे पडलेली असतात. ती वर्षं कुठे गेली, हे समजायला थोडं मागे जावं लागतं.

बालाचा जन्म 1990 चा, बिष्णुपूर जिल्ह्यातल्या इरेंगबामचा. लहानपणी ती मुलांमध्येच खेळायची. मणिपूरमध्ये याचं कुणाला फार आश्चर्य वाटत नाही. याओशांगच्या, म्हणजे तिथल्या होळीच्या दिवसांत वस्तीवस्तीत क्रीडास्पर्धा भरतात, गावोगावी क्लब आहेत, आणि महिलांचं राष्ट्रीय विजेतेपद या छोट्या राज्याने 20 हून अधिक वेळा जिंकलं आहे. भारताची माजी कर्णधार ओइनाम बेमबेम देवी याच मातीतली. वयाच्या 15 व्या वर्षी, 2005 मध्ये, बाला भारताच्या मुख्य संघात आली.

ती आली तेव्हा महिला फुटबॉलचा संसार विस्कटलेला होता. 1975 मध्ये महिलांचा वेगळा महासंघ स्थापन झाला, 1980 मध्ये कालिकतला आणि 1983 मध्ये थायलंडला भारत आशियाई स्पर्धेत उपविजेता ठरला. त्याच 1983 मध्ये शांती मलिकला अर्जुन पुरस्कार मिळाला, हा मान मिळवणारी ती पहिली महिला फुटबॉलपटू. नव्वदच्या दशकात कारभार अखिल भारतीय फुटबॉल महासंघाकडे गेला आणि महिला संघाच्या वाट्याला येणारे सामने आटत गेले. 2009 मध्ये तर फिफाने भारताला क्रमवारीतूनच वगळलं, कारण दीड वर्षाहून अधिक काळ संघ एकही आंतरराष्ट्रीय सामना खेळला नव्हता. बाला तेव्हा 19 वर्षांची होती. एखाद्या आघाडीच्या खेळाडूचं पाऊल ज्या वयात घट्ट व्हायचं, त्या वयात तिच्या देशाचा संघ मैदानावरच उतरत नव्हता. मला या सगळ्या इतिहासातली सर्वांत अन्यायाची गोष्ट हीच वाटते.

मग जगायचं कशावर? उत्तर ठरलेलं होतं: खेळाडू कोट्यातून नोकरी. रेल्वे किंवा पोलीस. बाला 2010 मध्ये मणिपूर पोलिसांत रुजू झाली. या नोकऱ्यांनीच महिला फुटबॉल जिवंत ठेवला, हे मोकळेपणाने मान्य करायला हवं. दरमहा पगार मिळतो, रजा मिळते, विभागाचा संघ असतो. मिळत नव्हती ती लीग. महिलांची राष्ट्रीय लीग 2016-17 च्या हंगामात सुरू झाली, तीही सगळ्या संघांना एका ठिकाणी आणून काही आठवड्यांत उरकायची. 2019 च्या लुधियानातल्या हंगामात बालाने मणिपूर पोलिसांसाठी 26 गोल ठोकले. अंतिम सामन्यात सेथू एफसीने त्यांना 3-1 ने हरवलं आणि वर्षभराचं क्लब फुटबॉल संपलं.

गोलांची उणीव कधीच नव्हती. रेंजर्सचा करार जाहीर झाला तेव्हा सांगितलेला आकडा होता 2010 पासून भारतासाठी 58 सामन्यांत 52 गोल. नोव्हेंबर 2019 मध्ये ती ग्लासगोला चाचणीसाठी गेली. रेंजर्स आणि बेंगळुरू एफसी यांच्यात नुकताच सहकार्याचा करार झाला होता, त्यातून ही वाट निघाली. रेंजर्सनेही आपल्या महिला संघाला व्यावसायिक करार द्यायला त्याच सुमारास सुरुवात केली होती. स्कॉटलंडचाही इतिहास फार उजळ नाही. तिथल्या संघटनेने महिला फुटबॉलवरची बंदी उठवायला 1974 उजाडलं होतं.

बाला पोहोचली आणि काही आठवड्यांत कोविडने लीग बंद पाडली. अखेर 6 डिसेंबर 2020 रोजी मदरवेलविरुद्ध ती बदली खेळाडू म्हणून उतरली आणि तिने गोल केला. रेंजर्स तो सामना 9-0 ने जिंकले. एकतर्फी सामन्यातला उशिराचा गोल म्हणून त्याची फार नोंद झाली नसती, पण युरोपच्या व्यावसायिक लीगमध्ये भारतीय महिलेने केलेला तो पहिला गोल होता. पुढे गुडघ्याच्या दुखापतीने तिला मैदानाबाहेर बसवलं.

जानेवारी 2022 मध्ये आशियाई करंडक मुंबई, नवी मुंबई आणि पुण्यात झाला. नवी मुंबईच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर भारताने इराणविरुद्ध संधी निर्माण केल्या, पण चेंडू जाळ्यात गेला नाही, सामना 0-0 राहिला. बाला त्या संघात नव्हती. पुढच्या सामन्याआधी संघात कोविड शिरला आणि यजमानांनाच स्पर्धेतून बाहेर पडावं लागलं.

त्यानंतर काही गोष्टी हलल्या. 2023-24 पासून महिलांची लीग घरच्या आणि बाहेरच्या मैदानांवर खेळवली जाऊ लागली. बालानेही दुखापतीतून सावरून भारतीय संघात पुनरागमन केलं. आणि पंजाबची मनीषा कल्याण 2022 मध्ये सायप्रसच्या अपोलोन संघात गेली, महिलांच्या चॅम्पियन्स लीगमध्ये खेळली. तेव्हा ती 20 वर्षांची होती.