आकडा खरा कशावरून? उत्सर्जन-पडताळणीची पार्श्वभूमी

एखाद्या संस्थेने वर्षभरात किती हरितगृह वायू सोडले, हे धुराड्याला यंत्र लावून क्वचितच मोजतात. बहुतेक वेळा तो हिशेब कागदावरच होतो. इंधनाची बिले आणि विजेचे युनिट ठरावीक गुणांकांनी गुणायचे, मग बेरीज करायची. लिटरभर डिझेल जाळले की सुमारे २.७ किलो कार्बन डायऑक्साइड होतो, म्हणजे गणित सोपेच. घोळ त्याच्या आधी असतो. जनरेटरसाठी १०,००० लिटर डिझेल घेतले. पण वर्ष संपले त्या दिवशी टाकीत किती शिल्लक होते? भाड्याच्या इमारतीतला जनरेटर हिशेबात धरला का? एसीत भरलेल्या गॅसची नोंद कुणाकडे आहे? हे प्रश्न हितसंबंध नसलेल्या बाहेरच्या माणसाने विचारायचे आणि उत्तराचा माग मूळ कागदापर्यंत काढायचा, ही पडताळणी.

१९९७ मध्ये हरितगृह वायू कमी करण्याचा क्योटो करार झाला, पण बंधन होते ते देशांवर. कंपन्यांनी हिशेब कसा ठेवावा, याची सामाईक रीत २००१ मध्ये आली. वर्ल्ड रिसोर्सेस इन्स्टिट्यूट आणि शाश्वत विकासासाठीची जागतिक उद्योग परिषद यांनी मिळून काढलेला हा ग्रीनहाऊस गॅस प्रोटोकॉल. स्वतः जाळलेले इंधन स्कोप १, विकत घेतलेली वीज स्कोप २ आणि पुरवठादारांपासून ग्राहकांपर्यंतचे बाकी सारे स्कोप ३, ही विभागणी त्याचीच. पडताळणी मात्र त्याने ऐच्छिक ठेवली.

ती सक्तीची झाली उत्सर्जनाच्या टनाला भाव आल्यावर. २००५ मध्ये युरोपीय संघाने उत्सर्जन परवान्यांचा, म्हणजे ठरावीक टन वायू सोडण्याच्या हक्कांचा, बाजार सुरू केला आणि प्रत्येक कारखान्याचा वार्षिक अहवाल स्वतंत्र पडताळणीशिवाय चालणार नाही, असे ठरवले. २००६ च्या वसंतात पहिल्या वर्षाचे पडताळलेले आकडे बाहेर आले आणि दिसले, की परवाने उत्सर्जनापेक्षा जास्त वाटले गेले आहेत. परवान्यांचा भाव काही आठवड्यांत निम्म्याच्या आसपास कोसळला. तोवर सगळा व्यवहार अंदाजावर चालला होता! पडताळणी का हवी, याचे याहून ठसठशीत उदाहरण मला माहीत नाही.

त्याच वर्षी आयएसओ या आंतरराष्ट्रीय मानक संघटनेचे उत्सर्जनाच्या हिशेबासाठीचे १४०६४ हे मानक आले. त्याचा तिसरा भाग पडताळणीचा. तपासणाऱ्या संस्थेची पात्रता ठरवणारे १४०६५ पुढच्या वर्षी आले. तेही लागणारच होते. क्योटो कराराच्या स्वच्छ विकास यंत्रणेत, म्हणजे विकसनशील देशांतल्या उत्सर्जन घटवणाऱ्या प्रकल्पांना श्रेयांक देणाऱ्या व्यवस्थेत, प्रकल्प तपासणाऱ्या दोन मोठ्या संस्थांची मान्यता २००८ आणि २००९ मध्ये कामातल्या त्रुटींमुळे काही काळ निलंबित झाली. ज्याची तपासणी करायची त्याच्याकडूनच फी घ्यायची, हा या व्यवस्थेतला जुना काटा अजून निघालेला नाही.

२०१२ मध्ये उत्सर्जन-अहवाल तपासण्यासाठी लेखापरीक्षकांचे आयएसएई ३४१० हे आंतरराष्ट्रीय मानक आले आणि ‘वाजवी खात्री’ व ‘मर्यादित खात्री’ हा त्यांच्या पेशातला भेद इथेही रुजला. वाजवी खात्रीत तपासणारा म्हणतो, की अहवाल सर्व महत्त्वाच्या बाबतींत निकषांनुसार आहे. मर्यादित खात्रीत तो इतकेच म्हणतो, की तसे नसल्याचे आमच्या नजरेस आले नाही. दोन्हींत मेहनतीचा फरक फार मोठा. वाचणाऱ्याला मात्र ‘पडताळलेले’ एवढेच दिसते.

पडताळणीचे पत्र हाती आले, की मी आधी ‘वाजवी’ की ‘मर्यादित’ हा शब्द शोधतो आणि मग व्याप्तीची ओळ. तिथे पुष्कळदा फक्त स्कोप १ आणि २ असतात. अनेक उद्योगांचा सर्वांत मोठा वाटा असलेला स्कोप ३ त्या पत्राच्या बाहेरच राहिलेला असतो.