नाल्याचं पाणी वावरातच निवळतं

पुराच्या दिवशी नाल्याचं पाणी काचेच्या बाटलीत भरून ठेवून पाहा. रेती मिनिटाभरात तळाशी बसते. पोयट्याला काही तास लागतात. वरचं पाणी मात्र दुसऱ्या दिवशीही चहाच्या रंगाचंच दिसतं. तो रंग चिकणमातीचा. तिचा कण २ मायक्रॉनपेक्षाही (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) बारीक असतो, आणि कण दहापट बारीक झाला की तो शंभरपट सावकाश बुडतो. २ मायक्रॉनचा कण स्थिर पाण्यात दिवसभरात जेमतेम फूटभर खाली जातो. पूर तर काही तासांत ओसरूनही जातो.

म्हणून सिमेंट बंधाऱ्याने किंवा गॅबियनने, म्हणजे तारेच्या जाळीत दगड भरून केलेल्या बांधाने, पाणी अडतं, रेती-मुरूम अडतो, आजूबाजूच्या विहिरींना आधार मिळतो. पण माती बरीचशी सांडव्यावरून पुढच्या धरणात जाते. नाल्यात उतरलेली चिकणमाती पकडायला आपल्याकडे स्वस्त उपाय नाही. जे करायचं ते वावरातच.

काळ्या मातीचा स्वभाव इथे आडवा येतो. तिच्यातलं मॉन्टमोरिलोनाइट हे खनिज पाणी पिऊन फुगतं आणि वाळलं की आकसतं. मे महिन्यात हात जाईल अशा भेगा पडतात, त्यामुळे जूनचे पहिले पाऊस सरळ पोटात उतरतात. माती फुगली की भेगा बुजतात आणि मग तासाला काही मिलिमीटरच पाणी मुरतं. तासाभरात ४० मिलिमीटर पाऊस आला आणि त्यातले ५ मुरले असं धरू. एका एकरातून साधारण १ लाख ४० हजार लिटर पाणी वाहत निघतं. टपोरा थेंब ताशी ३० किलोमीटरच्या आसपास वेगाने पडतो. कपाशी अजून बोटभर असते, जमीन उघडी असते. ढेकूळ फुटून त्याचा चिखल होतो आणि वाहत्या पाण्याला आयताच माल मिळतो.

मग सारा खेळ वेगाचा. वाहत्या पाण्याचा वेग दुप्पट झाला तर त्याला ढकलता येणाऱ्या दगडाचं वजन हिशेबाने ६४ पट होतं. उताराच्या दिशेने पेरलेली प्रत्येक ओळ म्हणजे पाण्याला काढून दिलेली नाली. आडवी पेरा, हे सांगायला सोपं आहे. वाटण्यांत शेताचे वरून खाली अरुंद पट्टे पडलेले असतात, आणि चाळीस फुटांच्या पट्ट्यात ट्रॅक्टर आडवा कसा वळवायचा? अशा ठिकाणी दोन-तीन शेजाऱ्यांनी मिळून पेरणीची दिशा ठरवली तरच जमतं. जिथे आडवी पेरणी झाली आहे तिथे शेवटच्या डवरणीला (ओळींमधल्या कोळपणीला) डवऱ्याला, म्हणजे कोळप्याला, दोरी बांधली की ओळींच्या मधे सरी पडते, तीत पाणी थांबतं आणि मुरायला वेळ मिळतो. खर्च दोरीचा. उताराच्या दिशेने मात्र ही सरी काढू नये, उलट नुकसान होतं.

धुऱ्यावरचं, म्हणजे बांधावरचं, गवतही पाण्याचा वेग मोडायचं हेच काम करतं. हल्ली धुरा ‘स्वच्छ’ दिसावा म्हणून त्यावर तणनाशक मारतात. माझ्या मते पाणलोटाचं इतकं स्वस्त नुकसान दुसरं नसेल.

मातीसोबत खतही जातं. डीएपीतला स्फुरद मातीच्या कणांना चिकटून जातो, युरियातलं नत्र विरघळून. तलावात पोचलं की शेवाळ माजतं. ते कुजताना पाण्यातला प्राणवायू संपतो आणि मासे मरतात. जोराच्या पावसाचा अंदाज असताना युरिया फेकू नये, एवढं तर हातात आहे.

पूर्णा खोऱ्यातल्या खारपाणपट्ट्यात गोष्ट आणखी अवघड. अमरावती, अकोला, बुलढाण्याच्या या पट्ट्यात मातीत सोडियम जास्त असतो, त्यामुळे कण एकमेकांना धरून राहत नाहीत, पाण्यात सुटे होतात. जिप्समची शिफारस त्यासाठीच: त्यातलं कॅल्शियम सोडियमची जागा घेतं आणि कण पुन्हा गोळा होतात. गढूळ पाण्याच्या घागरीत तुरटी फिरवतो तेव्हा ॲल्युमिनियमही असंच कण गोळा करतो. इथलं भूजलच खारं, म्हणून मुरवण्यापेक्षा शेततळ्यात साठवलेलं पाणी जास्त कामाचं.

नाला खोलीकरणाबद्दल मात्र जपून बोलावं लागतं. मुरूम लागेल तिथे पाणी मुरतं, विहिरींना फायदा होतो. पण पोकलेनने नाला सरळ आणि खोल केला की वरून येणाऱ्या घळ्यांचा तळ एकदम खाली जातो. त्या पावसागणिक मागे मागे कापत वावरात शिरतात, आणि पाच वर्षांनी कोणाचा तरी धुरा ढासळतो.

राहिली पांदण. वर्षानुवर्षं बैलगाड्या-ट्रॅक्टरांनी खचून ती दोन्ही बाजूंच्या वावरांपेक्षा खाली गेलेली असते, आणि पावसाळ्यात गावातला सर्वांत वेगवान नाला तीच होते. गावठाणातल्या काँक्रीट रस्त्यांचं पाणीही शेणामुतासकट तिच्यातच उतरतं. ठरावीक अंतरावर आडवे दगडी पट्टे बसवून पाणी थोडं थोडं बाजूला काढलं तर तिचा वेग मोडतो. फक्त ते पाणी कोणाच्या वावरात सोडायचं, हे ग्रामसभेत पावसाळ्याआधी ठरवावं लागतं. जुलैत त्यावरून भांडणंच होतात.