पोटदुखी, जुनाट व निदान न झालेली

तीन महिन्यांहून अधिक काळ सतत किंवा पुन्हापुन्हा होणारी आणि नेहमीच्या तपासण्यांत कारण न सापडलेली पोटदुखी. नागपुरात तिचे पहिले निदान बहुधा घरातच होते: ‘गॅस आहे’, ‘बेंबी सरकली’, नाहीतर ‘सावजी झेपलं नाही’. तिखट रश्श्याने जळजळ वाढते हे खरे. पण महिनोन्महिने टिकणारे दुखणे एकट्या सावजीच्या माथी मारता येत नाही.

ओवा-हिंग आणि ॲसिडिटीच्या गोळ्या संपल्या की रुग्ण फॅमिली डॉक्टरकडे जातो. तिथून पुढे धंतोली-रामदासपेठेतले पोटविकारतज्ज्ञ, ‘मेडिकल’ (शासकीय वैद्यकीय महाविद्यालय, स्थापना 1947), ‘मेयो’ (इंदिरा गांधी शासकीय वैद्यकीय महाविद्यालय) किंवा मिहानमधले एम्स. गडचिरोली, बालाघाट, छिंदवाड्याकडचे रुग्णही इथेच येतात. डॉक्टर बदलला की जुने कागद बहुतेक घरी राहतात आणि सोनोग्राफी पुन्हा पहिल्यापासून होते. दुखणे कुठे, केव्हा, जेवणाशी, शौचाशी किंवा पाळीशी जोडलेले आहे का, ही माहिती चौथ्या सोनोग्राफीपेक्षा जास्त उपयोगी असते; गर्दीच्या ओपीडीत नेमका तिलाच वेळ मिळत नाही.

विदर्भात दोन आजारांची शंका आधी घ्यावी लागते. पहिला सिकलसेल. हा आनुवंशिक आजार इथल्या आदिवासी व अनेक अनुसूचित जातींच्या कुटुंबांत आढळतो. विळ्याच्या आकाराच्या लाल पेशी बारीक रक्तवाहिन्यांत अडकल्या की पोटातही तीव्र कळा येतात. प्लीहेला इजा होते आणि कमी वयातच पित्ताशयात खडे होऊ शकतात. सोल्युबिलिटी चाचणी साधी आणि स्वस्त आहे. ती पॉझिटिव्ह आल्यास इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी या हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करणाऱ्या तपासण्यांनी खात्री करतात. नुसत्या वाहकाला मात्र सहसा असा त्रास होत नाही, म्हणून ‘एएस’ (म्हणजे वाहक) लिहिलेले कार्ड पाहून शोध थांबवणे चूक.

दुसरा पोटाचा क्षयरोग. लहान आतडे मोठ्या आतड्याला मिळते तिथे तो बहुधा घर करतो. छातीचा एक्स-रे स्वच्छ असू शकतो, खोकलाही नसतो. कोलोनोस्कोपीत (दुर्बिणीने मोठ्या आतड्याची तपासणी) तो क्रोन्स रोगासारखाच, म्हणजे आतड्याच्या एका जुनाट दाहासारखाच दिसतो आणि बायोप्सीतही कधीकधी उत्तर मिळत नाही. अशा वेळी क्षयाची औषधे सुरू करून काही आठवड्यांनी आतड्यातले व्रण भरले का ते पाहतात. सरकारी योजनेत ही औषधे मोफत मिळतात.

स्त्रियांच्या बाबतीत ‘पाळीत दुखतंच’ या वाक्याने एंडोमेट्रिओसिसचे (गर्भाशयाच्या अस्तरासारखे अस्तर गर्भाशयाबाहेर वाढण्याचा आजार) निदान अनेक वर्षे लांबते. त्याचे पसरट, वरवरचे ठिपके साध्या सोनोग्राफीत दिसत नाहीत.

एक तपासणी फुकट असूनही फार क्वचित होते. उताणे झोपवून दुखऱ्या जागी बोट दाबायचे आणि रुग्णाला डोके-खांदे उचलायला सांगायचे. दुखणे वाढले तर त्याचा उगम आतल्या अवयवात नसून पोटाच्या भिंतीत, अनेकदा स्नायूत अडकलेल्या मज्जातंतूत असण्याची शक्यता मोठी. हे कार्नेट चिन्ह 1926 पासून माहीत आहे. अशा जागी भुलीचे इंजेक्शन दिल्यास निदान आणि आराम दोन्ही मिळू शकते.

वजन घटणे, शौचातून रक्त, ताप, रक्तक्षय, झोपेतून उठवणारी कळ किंवा पन्नाशीनंतर नव्याने सुरू झालेला त्रास असेल तर एंडोस्कोपी, सीटी यांना उशीर करू नये. यातले काही नसेल आणि दुखणे शौचाशी व त्यातल्या बदलांशी जोडलेले असेल, तर आयबीएस (इरिटेबल बॉवेल सिंड्रोम, आतड्याच्या कामातला बिघाड) हे निदान लक्षणांवरूनच करता येते. अशा विकारांच्या निदानासाठीच्या 2016 च्या आंतरराष्ट्रीय रोम निकषांनुसार गेले तीन महिने आठवड्यातून सरासरी किमान एक दिवस दुखायला हवे आणि त्रासाची सुरुवात सहा महिन्यांपूर्वीची हवी.

‘सगळं नॉर्मल आहे’ हे ऐकून घरचे सुटकेचा श्वास सोडतात, रुग्ण मात्र खोटा ठरतो. आतड्यातल्या संवेदना वाहणाऱ्या नसा अतिसंवेदनशील झाल्या तर स्कॅनमध्ये काहीच न दिसताही वेदना खरी असते. त्यासाठी ॲमिट्रिप्टिलिन अल्प मात्रेत देतात. दुकानदाराने ‘ही तर डिप्रेशनची गोळी’ म्हटले की ती बंद होते. डॉक्टरांनी आधीच दोन वाक्यांत खुलासा केला तर हे टळते. वेदनाशामकांचे उलट आहे, ती न सांगता घेतली जातात. आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅकने जठराला व्रण पडतात. ट्रामाडॉलसारखी अफूवर्गीय औषधे दीर्घकाळ घेतल्यास काहींची पोटदुखी त्या औषधानेच वाढते. ते हळूहळू, डॉक्टरांच्या देखरेखीखाली बंद करणे हाच मग उपचार असतो.